माळ्यावरची फुटकी बाटली

आमच्या माळ्यावर एक बाटली आहे. काच शाबूत, बूड शाबूत, तोंडाचा टवकासुद्धा उडालेला नाही. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पितळी पातेल्यांच्या मागे ती आडवी ठेवलेली आहे. तरीही आमच्या घरात तिला ‘फुटकी बाटली’ म्हणतात. आधी मी म्हणायला लागले, मग हे म्हणायला लागले, आणि आता पोरंही बिनदिक्कत म्हणतात. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली येते, तिच्यावरची धूळ झटकली जाते आणि ‘फुटकी आहे, जपून’ असं बजावून पुन्हा वर जाते. पाहुण्यांना वाटत असेल, ह्या घरातल्या माणसांना जरा कमी दिसतं.

चैत्र सरला की आमच्या माशांच्या पेटीतलं पाणी उतरायला लागतं. कुणी काढत नाही, कुठे गळत नाही. उन्हाळा ते नुसता पिऊन टाकतो. सकाळी काचेवर पांढरट रेघ दिसते आणि पाणी तिच्या खाली गेलेलं असतं. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणतात, "पाणी उतरलंय." मी म्हणते, "दिसतंय." बस, एवढंच बोलणं होतं. मग बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही. बाकीच्या बायकांना ह्या दिवसांत कैऱ्या आठवतात, माहेर आठवतं, मामाच्या गावची विहीर आठवते. माझा उन्हाळा त्या पांढऱ्या रेघेपासून सुरू होतो, आणि ती रेघ दिसली की आपण दोषी असल्यासारखं वाटायला लागतं. इतकी वर्षं झाली, तरी एकदाही चुकलेलं नाही.

तो उन्हाळा वीजकपातीचा होता. आमच्या वसाहतीत घड्याळं होती, पण ती भिंतीवर शोभेला. खरी वेळ कंपन्यांचे भोंगे सांगत. पहिला भोंगा म्हणजे चहाचं आधण, दुसरा म्हणजे डबा, संध्याकाळचा म्हणजे पोरांना घरात ओढायची वेळ. त्या वर्षी भोंगे मधेच गप्प व्हायला लागले. आज ही कंपनी बंद, उद्या ती. सकाळ नुसती पसरत जायची, तिला शेवटच नसायचा. जिन्याच्या पायऱ्यांवर बनियन-लुंगीतले पुरुष बसलेले असायचे, आणि आम्हा बायकांना आपल्याच घरात वावरायची चोरी झालेली. आयुष्यात कधी स्वयंपाकघरात न डोकावलेली माणसं लसूण सोलता सोलता फोडणी कशी द्यावी ते सांगायला लागली होती. ‘ले-ऑफ’ हा शब्द शेंबड्या पोरांच्याही तोंडी होता. लपाछपीत कंटाळलेलं पोर म्हणायचं, "जा, मला ले-ऑफ आहे."

गच्चीवर मात्र कामाला खंड नव्हता. जुन्या साड्यांवर कुरडया, पापड्या, सांडगे. तापलेल्या फरशीचा वास, खालून कुणाच्या तरी मसाल्याचा खाट, आणि वाऱ्यावर कधी नव्हे ते नुसती धूळ. एरवी आमच्या हवेत तेलाचा, लोखंडाच्या किसाचा वास असायचा. ह्यांच्या शर्टाला तर तो कायमचा चिकटलेला. त्या उन्हाळ्यात शर्टाचा वासही उडून गेला. मला वाटायचं, हे आपले नवरेच नव्हेत.

आणि आबा होते. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं वावर नाशिक रस्त्याच्या पलीकडे होतं, ते सगळं कारखान्यांसाठी गेलं. तिथे उभ्या राहिलेल्या एका कंपनीत हे टूलरूमला, म्हणजे अवजारं-साचे घडवायच्या खात्यात, लागले. आबांच्या विहिरीच्या जागी आता त्या कंपनीचं सायकल स्टँड आहे. आबा ह्यांना विचारायचे, "दत्तू, आज माज्या कंच्या वाफ्यात सायकल लावलीस रं?" आम्ही हसायचो. ते हसत म्हणून आम्ही हसायचो, की आम्हाला अवघड वाटू नये म्हणून ते हसत, हे मी तेव्हा कधी मनाला विचारलं नाही.

सासूबाई गेल्या आणि तो उन्हाळा लागायच्या आधीच्या हिवाळ्यात आबा आमच्या दोन खोल्यांत कायमचे राहायला आले. बरोबर एक ट्रंक, एक घोंगडी आणि एक खोरं. दुसऱ्या मजल्यावर खोरं!

"आबा, हे कशाला आणलंत?" मी विचारलं.

"असू दे की. दाराआड ऱ्हाईल. खायाला मागत न्हाई."

ते खोरं दाराआड राहिलं. केर काढताना मी त्याला दर दिवशी बाजूला करायची आणि दर दिवशी माझ्या पायाच्या अंगठ्याला ते लागायचं.

शेतातल्या पाण्याचं एक शास्त्र असतं. पाटातलं पाणी एका वाफ्यात सोडायचं, तो भरला की खोऱ्याने मातीचा बांध घालायचा आणि पुढच्या वाफ्याचं तोंड फोडायचं. याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. आबांनी जन्मभर दारं धरली. आमच्याकडे नळाला सकाळी थोडा वेळ करंगळीएवढी धार यायची, ती बादल्यांत धरायची, की दिवसाचं पाणी संपलं. आबा खिडकीत बसून राहायचे. काम मागायचेही नाहीत, आणि रिकामं बसायची सवयही नाही. जेवायला वाढलं की म्हणायचे, "कमी वाढ सूनबाई. काय केलंय आज, भूक लागाया?"

मग त्यांना माशांची पेटी सापडली.

पेटी ह्यांनीच केलेली. लोखंडी अँगलची चौकट, चारी बाजूंनी काच, पाणी गळू नये म्हणून सांध्यांत लांबी भरलेली. आत थोडी वाळू, हिरवे शेवाळासारखे धागे, पिंपरी कॅम्पातून आणलेले चार तांबडे मासे आणि काही काळे. काळ्यांना मोली म्हणतात, पण आबांनी बघितल्याबरोबर त्यांना ‘म्हशी’ म्हटलं आणि तेच नाव पडलं. उन्हाळा लागला तसं पाणी उतरायला लागलं आणि आबा म्हणाले, "पानी म्या घालतो."

हे काम ते कसं करायचे, ते बघण्यासारखं होतं. नळाचं पाणी सकाळी बादलीत भरून गॅलरीत ठेवायचं, औषधाचा वास उडून जावा म्हणून. दिवेलागणीला आबा पाय धुवायचे, डोक्याला टोपी घालायचे. दोन खोल्यांच्या घरात, एका तांब्यासाठी, टोपी! कामावर बोडक्या डोक्यानं जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. गॅलरीतून तांब्या भरून घ्यायचे आणि स्वयंपाकघर ओलांडून बाहेरच्या खोलीत यायचे. त्यांचा उजवा हात कापायचा. त्यामुळे गॅलरीपासून पेटीपर्यंत फरशीवर थेंबांची एक वाकडी रांग पडायची. पाणी हलक्या हाताने काचेच्या कडेने सोडायचे, मग स्टुलावर बसून बघत राहायचे. "म्हशी पान्यावर आल्या," असं स्वतःशीच म्हणायचे. त्या संध्याकाळी जेवण दोन घास जास्त जायचं.

थेंब पुसायचं काम माझं. मी पुसायची आणि पुसताना पुटपुटायची. मी काही वाईट सून नव्हते, हे लिहायचा मोह होतो आहे. पण वाईट नसलेल्या सुना जितकं पुटपुटतात त्याहून मी थोडं जास्तच पुटपुटत असेन.

सकाळच्या पहिल्या उन्हाला कुरडया घातलेल्या असाव्यात म्हणून एका संध्याकाळीच मी त्यांचा चीक शिजवला होता. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, निवळायचे, आणि मग हात मोडेपर्यंत घोटायचं. ते गरम पातेलं फडक्यात धरून मी गच्चीकडे निघाले आणि त्या थेंबांवरून माझा पाय सरकला. मी वाचले, चीक वाचला नाही. फरशीवर पांढरा, वाफाळता ढीग. आबा तांब्या हातात घेऊन, टोपी घालून, तिथेच उभे.

"आबा, तुम्ही नुसतं बसा ना!" मी ओरडले. "कोणी सांगितलंय तुम्हाला काम करायला?"

बोलले एवढंच. शिवी नाही, शाप नाही. उलट, बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर म्हणाला असता, किती काळजी करते सून, म्हाताऱ्याला बसवून खायला घालते. आबांनी तांब्या ओट्यावर ठेवला, टोपी काढली आणि माझ्याबरोबर चीक भरायला खाली बसले. "गहू वाया गेलं," असं काहीतरी म्हणत होते. त्यांच्या आवाजात इतका अपराधीपणा होता की मला आणखीच राग आला. अपराधी माणसावर रागावणं फार सोपं असतं.

ह्यांनी सगळं ऐकलं होतं. माझी बाजू घेतली असती तर बरं झालं असतं, आबांची घेतली असती तरी बरं झालं असतं. ह्यांनी यंत्राची बाजू घेतली.

त्यात ह्यांचा तरी काय दोष? टूलरूमचा माणूस, आणि हात रिकामे. कंपनी बंद होती, पण ह्यांच्या बोटांना कुणी ले-ऑफ दिला नव्हता. दोन दिवसांत हे कुठूनशी सलाईनची रिकामी बाटली, रबराची नळी आणि थेंब कमी-जास्त करायची ती चिमटी घेऊन आले. बाटली वर खिळ्याला टांगली, नळी पेटीत सोडली. जेवढं पाणी उडतं तेवढंच थेंबाथेंबाने पडेल, असा हिशोब. मासे आजारी असल्यासारखे दिसायला लागले.

"आबा, आता तुम्हाला काही करायचं नाही," हे मोठ्या कौतुकाने म्हणाले. "आपोआप पाणी पडतं. तुम्ही फक्त हात लावायचा नाही."

"बरं," आबा म्हणाले.

त्या दुपारी आम्ही दोघं एका लग्नाला गेलो. परत आलो तर दाराबाहेर ओल. आत आबा उकिडवे बसलेले, स्वतःच्या धोतराने फरशी पुसताहेत. पेटी काठोकाठ भरून वाहत होती, वरून थेंब टपटपत होते, भोवती घरातली सगळी पातेली मांडलेली. एका पातेल्यात एक म्हैस पोहत होती.

"अहो आबा, ती चिमटी नुसती दाबायची होती!" हे म्हणाले.

आबा वर न बघता म्हणाले, "हात लावू नगं म्हनलास. न्हाई लावला."

ह्या वाक्यावर आम्ही त्या दिवशी खूप हसलो. पुढे कितीतरी वेळा पाहुण्यांना सांगून हसलो. मी अजूनही ही गोष्ट सांगते, फक्त आता मला ती चांगली सांगता येत नाही. धोतर पिळणारे हात मधे येतात.

आता खरी गोष्ट. ह्यांची सलाईन माळ्यावर गेली असती आणि तांब्या पुन्हा आबांच्या हाती आला असता. पण मी नको तिथे हुशारी केली. चिखलीच्या वाटेवर एका मळ्यात मी अंडी आणायला जायची. तिथे कोंबड्यांसाठी पाण्याची बाटली उलटी करून ताटलीत ठेवलेली असायची. कोंबड्या पीत, ताटलीतलं पाणी कमी होई, बाटलीचं तोंड उघडं पडलं की आत हवा शिरे आणि तेवढंच पाणी खाली येई. तोंड बुडलं की बंद. ना नळी, ना चिमटी, ना वीज. मी ह्यांना म्हटलं, "कोंबड्यांना जमतं ते तुमच्या माशांना का जमू नये?"

हे आधी हसले. मग सरबताची मोठी काचेची बाटली शोधून तिला लोखंडी पट्टीची मांडणी केली, बाटली भरून, अंगठा लावून उलटी केली आणि तोंड पाण्याच्या पातळीला बसवलं. आणि ते चाललं. खर्च काही नाही. पाणी जरा उतरलं की बाटलीत एक बुडबुडा चढायचा, बुडुक, आणि पातळी पुन्हा जिथल्या तिथे. रविवारी एकदा बाटली भरली की झालं. ती भरून उलटी करायला मात्र स्थिर हात लागायचा, म्हणजे तेही काम आबांचं नव्हे.

सगळी चाळ बघायला आली. समोरच्या खोलीतले गायकवाडभाऊ, ह्यांच्याच कंपनीत मशीनवर असलेले आणि तेव्हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कायमचे बसलेले, पेटीला नाक लावून बसले. बुडुक झालं की टाळी.

"राव, दत्तोबा, हे तर फुल ऑटोमॅटिक!" ते म्हणाले, आणि आबांकडे वळले. "काय आबा, तुमची पोस्ट गेली की."

"व्हय की," आबा म्हणाले. "मला बी ले-ऑफ दिला लेकानं."

सगळ्यात मोठ्याने आबाच हसले. मी चहा ठेवायला आत गेले. मला वाटलं होतं, बरं झालं, हसण्यावारी गेलं.

गायकवाडभाऊ वाईट बोलले नव्हते. ते स्वतःच घरी बसवलेले होते, आणि जोडीला कुणी मिळाला की माणसाला बरं वाटतं. ह्यांनी बापाचे कष्ट वाचवले होते. मी माझी फरशी वाचवली होती. सगळ्यांनी काहीतरी चांगलंच केलं होतं. माझा अपराध मला आजवर नीट पकडता आलेला नाही तो ह्याच्यामुळेच. कुठेही हात घातला तरी चांगुलपणाच हाताला लागतो.

पुढे दोन-तीन दिवस आबा संध्याकाळी पाय धुवायचे, टोपी घालायचे आणि स्टुलावर बसायचे. बुडुक झालं की मान वर करायचे, कुणी हाक मारल्यासारखी. एका सकाळी म्हणाले, "शेवंतीकडं जाऊन येतो."

शेवंतावन्सं म्हणजे माझी नणंद, पुनावळ्याला दिलेली. त्यांचा नदीकाठाला मळा आहे. आमच्यात बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. जातो, अंगणात बसतो, चहा घेतो, उन्हं कलायच्या आत परततो. म्हणून मी जेवण झाकून ठेवलं. आबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी केर काढताना माझ्या अंगठ्याला काही लागलं नाही. दाराआड बघितलं तर खोरं नव्हतं.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "येतील." मग चहाचा कप हातात घेऊन तसेच बसून राहिले, साय धरेपर्यंत.

दिवस जायला लागले. पोरं मामाकडे गेलेली. घरात हे, मी आणि बुडुक. फरशी कोरडी ठणठणीत. पुसायला काही नाही आणि पुटपुटायलाही काही नाही. मी कुरडया घातल्या, एक थेंब न सांडता, आणि त्या हव्या तशा फुलल्या. जिन्यावर कुणीतरी विचारलं, "आबा दिसत नाहीत?" मी म्हटलं, "पुनावळ्याला गेलेत." "लेकीकडे? राहायला?" एवढंच विचारलं. मी पोस्टाची पेटी उघडायला गेल्याचं सोंग करून खाली पळाले. आमच्या चाळीला पोस्टाची पेटी नव्हती.

बाटलीत बुडबुडा चढायचा आणि मला वाटायचं, ही आपल्याला विचारते आहे. काय विचारते आहे ते मात्र मी ऐकून घेत नव्हते.

शेवटी एका सकाळी ह्यांना ‘भाजी आणायला जाते’ म्हणून सांगितलं आणि एसटीने पुनावळ्याच्या वाटेला लागले. उतरल्यावर बैलगाडीच्या चाकोरीतून चालत मळा गाठला. वन्सं बांधावरच भेटल्या. माझ्याकडे बघून आधी त्यांनी पदर सारखा केला, मग म्हणाल्या, "या वहिनी. बापाला न्यायाला आलाव का बघायाला?"

मी नजरेने आबांना शोधायला लागले.

"घरात न्हाईत ऱ्हात," वन्सं म्हणाल्या. "लेकीच्या घरात मुक्काम चालत न्हाई म्हनत्यात. तिकडं विहिरीपाशी खोपीत निजत्यात. भाकरी बी खोपीतच न्यावी लागती. म्या म्हनलं, आबा, असं का परक्यावानी? तर म्हनत्यात, मी पाव्हना न्हाई, तुजा गडी हाय. गड्याला चालतंय."

ऊन असं होतं की समोरचं सगळं हलत होतं. त्या हलत्या उन्हात, वांग्यांच्या वाफ्यात, गुडघाभर चिखलाने माखलेले, टोपी घातलेले आबा दारं धरत होते. पाटाचं पाणी चकाकत यायचं. आबा एका बाजूला खोरं मारून ते वळवायचे. हात इथे कापत नव्हता असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं काही नव्हतं. हात कापतच होता. खोऱ्यातली माती सांडत होती. फक्त ती मातीतच सांडत होती, आणि कुणी पुसत नव्हतं.

मी बांधावर उभी राहिले. आबांनी बघितलं, पण खोरं थांबवलं नाही.

"मासं कशी हायत?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत."

"आन् म्हशी?"

"एक व्याली," मी म्हटलं. हे खरं होतं. मोली अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात. "बारकी बारकी पिल्लं झालीत. शेवाळात लपतात."

आबांचं खोरं थांबलं. चेहऱ्यावर गोठ्यातली बातमी ऐकल्यासारखं हसू आलं. मग ते हसू त्यांनी आवरलं.

"मग पानी बेतानं सोडाया पायजे," ते म्हणाले. "कोन घालतंय पानी?"

मी तोंड उघडलं तेव्हा मला माफी मागायची होती. अख्ख्या एसटीत मी ती जुळवत आले होते. तोंडातून आलं ते वेगळंच.

"बाटली फुटली, आबा."

"कशी?"

"माझ्याच हातनं."

आबा बराच वेळ पाटाकडे बघत राहिले. पाणी आपल्या वाटेने चाललं होतं. मग म्हणाले, "काचंचा भरवसा न्हाई." आणि थोड्या वेळाने, "एवढा वाफा भरू दे. मंग निघू."

येताना एसटीत आबा खोरं दोन पायांत धरून बसले होते, आणि मी त्यांच्या शेजारी घामाघूम. उन्हाने नव्हे. घरी ती बाटली पेटीवर उलटी, धडधाकट, बुडुक बुडुक करत उभी होती! चाळीपाशी पोचल्यावर मी म्हटलं, "आबा, गायकवाडभाऊ तुमची रोज आठवण काढतात, जरा बोला त्यांच्याशी," आणि त्यांना तिसऱ्या पायरीवर सोडून दोन-दोन पायऱ्या चढत वर धावले.

हे खुर्चीत बसले होते. मी थेट पेटीवर झेप घेतली आणि बाटली उपसली. ती अर्धी भरलेली होती. सगळं पाणी माझ्या अंगावर.

"अगं, काय झालं?"

"बाटली फुटली."

"कुठे फुटली? हातात तर आहे तुझ्या!"

"फुटली म्हणते ना मी!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. खालून आबांचा आवाज येत होता. ह्यांच्या चेहऱ्यावर कळत जाण्याची जी पायरी-पायरी दिसली, ती टूलरूमच्या कुठल्याही कामापेक्षा सुबक होती. ते उठले, माझ्या हातातून बाटली घेतली, ट्रंकेतला जुन्या लुगड्याचा तुकडा काढून त्यात ती गुंडाळली आणि स्टुलावर चढून माळ्यावर पातेल्यांच्या मागे सारली. मांडणीची पट्टी पलंगाखाली गेली. तेवढ्यात मला सुचलं की पेटी तर काठोकाठ भरलेली आहे. आबा येऊन करणार काय? मी तांब्याने भराभरा पाणी उपसून मोरीत ओतलं. उन्हाळ्यात, नळाला करंगळीएवढी धार असताना, पाणी मोरीत! त्याचंही पाप माझ्याच डोक्यावर.

आबा आत आले. खोरं दाराआड ठेवलं. पेटीपाशी गेले.

"लईच उतरलंय की," ते म्हणाले. "आरं, पिल्लं हायत, कुनी बघितलं न्हाई?" आणि पाय धुवायला गेले.

त्यानंतर पाऊस आला, कंपन्यांचे भोंगे परत वाजायला लागले, ह्यांच्या शर्टाला तेलाचा वास परत आला. गायकवाडभाऊंची पायरी रिकामी झाली. पण आबांचं काम राहिलं, त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही. मी फरशी पुसायची, पुटपुटायची मात्र नाही. म्हणजे फारशी नाही. आबांची टोपी धुऊन खुंटीला लावायचं काम मी न सांगता घेतलं. आपण मोठं मन केलं असं मला वाटायचं. एका खोट्याने सगळं सांधलं, असंही.

मग त्यांचा शेवटचा उन्हाळा. वन्सं आणि त्यांची मंडळी अचानक आली होती, घरात माणसांची दाटी. मी आमसुलांचं सरबत करायला घेतलं आणि ओतून ठेवायला काही सापडेना. पातेली गुंतलेली, तांबे गुंतलेले. मी स्वयंपाकघरात आदळआपट करत होते. आबा बाहेर पेटीपाशी होते, तांब्या कापत्या हातात, पाठ माझ्याकडे.

"सूनबाई," ते मागे न वळता म्हणाले, "त्या फुटलेल्या बाटलीत भर की. माळ्यावर, पातेल्यांच्या मागं हाय बघ."

आणि काचेच्या कडेने हलकेच पाणी सोडत राहिले.

मी सरबत भांड्या-भांड्यांतून थोडं थोडं वाटून ठेवलं. बाटली काढली नाही. ती काढायचं बळ माझ्यात नव्हतं. आबांनी पुन्हा तो विषय काढला नाही, मीही नाही. त्यांना कधीपासून ठाऊक होतं? पहिल्याच दिवशी, ओली फरशी बघितली आणि तिच्यावर काचेचा एकही तुकडा नाही, तेव्हा? की त्याही आधी, वांग्यांच्या वाफ्यात, पाटाकडे बघत उभे होते तेव्हा? मी समजत होते, मी त्यांना परत कामावर घेतलं. आता वाटतं, बांधावर उन्हात उभी असलेली, घामाने थबथबलेली, तोंडातून धड माफीही न निघणारी सून बघून त्यांनाच माझी दया आली असावी. खोटं माझं होतं, पण ते इतकी वर्षं सांभाळलं त्यांनी. रोज पाय धुऊन, टोपी घालून.

आता आबा नाहीत. खोरं अजून दाराआड आहे आणि माझ्या अंगठ्याला अजून लागतं. पेटीत त्याच म्हशींची कितवी तरी पिढी आहे. आमचं वय झालं नाही म्हणायचं तर म्हणा, पण गॅलरीतून पेटीपर्यंत तांब्या नेताना हल्ली माझ्याही हातून थेंब सांडतात. वाकडी रांग पडते. ते पुसायला मी लगेच वाकत नाही. उन्हाने आपोआप वाळेपर्यंत राहू देते.

काल हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "पाणी उतरलंय." मग जरा थांबून, माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "तुला रोज त्रास होतो. ती बाटली काढू का माळ्यावरची?"

मी तांब्या भरून घेतला, डोक्यावरून पदर घेतला.

"कुठली?" मी म्हटलं. "ती तर फुटली."